अर्धा तास उशिराची संध्याकाळ

उजवा डोळा झाकला तर पडद्यावर साडेसहा वाजले होते. डावा झाकला तर सात.

तिने तीनदा करून पाहिलं. पडद्यावर एक म्हातारी आई घराच्या पायरीवर बसून मुलाची वाट बघत होती. चित्रण मुळात सकाळी अकराचं, ढगाळ हवेतलं. सावल्या नव्हत्या म्हणूनच त्याची संध्याकाळ करता आली. सावली असती तर कुणाच्या बापाला जमलं नसतं. ती चित्रपटांचे रंग जुळवणारी कलरिस्ट; अकराचे साडेसहा करणं हेच तिचं काम होतं. सव्वीस वर्षं ती राखाडी भिंतींच्या खोलीत राखाडी स्वेटर घालून बसत होती, कारण भडक कपड्याची झाक पडद्यावर पडते. उजेड उतरवायचा, आभाळ विझवायचं, खिडकीत दिवा लागल्यासारखा एक पिवळा ठिपका ठेवायचा.

नऊ दिवसांपूर्वी तिच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला होता. धूसर दिसतंय ते स्वच्छ दिसेल, एवढीच तिची अपेक्षा होती. पण मोतीबिंदू नुसता धूसर नसतो, पिवळाही असतो, आणि इतका सावकाश पिवळा होत जातो की ज्याचा डोळा त्यालाच पत्ता लागत नाही. पट्टी निघाल्यावर तिला आधी बाथरूमच्या फरश्या दिसल्या. वर्षभर ती त्या पिवळ्या पडल्यात म्हणून घासत होती आणि नवऱ्याला बोल लावत होती. फरश्या पांढऱ्याशुभ्र होत्या. नवऱ्याने एवढंच विचारलं, "आता माफी कुणाची मागणार? माझी, की फरश्यांची?"

तेव्हा ती पोट धरून हसली होती. आज हसू येईना. हा चित्रपट तिने ऑपरेशनच्या आधी पूर्ण केला होता. डोळ्यातला पिवळा भरून काढायला नकळत पडद्यावर निळा ओतत गेली होती, आणि त्या जादा निळ्याने साडेसहाचे सात झाले होते. पडद्याशेजारचे आलेख निळा किती आहे ते बरोबर सांगत होते. किती हवा, ते आलेख सांगत नाहीत. मागच्या चित्रपटाच्या परीक्षणात कुणीतरी 'निळसर उदासी'चं कौतुक केलं होतं. त्या प्रसंगात तर तिने ऊन लावलं होतं. तेव्हा ती चकित झाली होती. आता उलगडा झाला.

चार वाजता दिग्दर्शिका शेवटचा होकार द्यायला येणार होती. उद्या चित्रपट बाहेर जाणार.

शेजारच्या खोलीत आवाजाचं काम करणारा, ज्याला सगळे कानसेन म्हणत, चहाचे दोन कप घेऊन आला. तिने त्याला सांगितलं. त्याने पायाने दार लोटलं आणि आवाज खाली आणला.

"मला सहा वर्षं वरच्या पट्टीतलं, ते बारीक, किर्रर्र ऐकूच येत नाही. कुणी तक्रार केली?"

"मग कामं कशी करतोस?"

"मीटर बघतो. आणि मुलीला ऐकवतो. ती म्हणते, बाबा, डास आहे. मी डास काढून टाकतो."

त्याचं म्हणणं सरळ होतं. दिग्दर्शिकाबाईंना काम आवडलंय, मग आपणच आपल्या पायावर धोंडा का मारून घ्यायचा? कलरिस्टचे डोळे गेले ही बातमी पसरायला दोन दिवसही लागत नाहीत. त्यानंतर फोन वाजत नाही. हे तिलाही ठाऊक होतं. तिच्याकडे विकायला डोळ्यांशिवाय दुसरं काहीच नव्हतं.

कप रिकामा करून ती कामाला लागली. संध्याकाळचे एकूण एक्केचाळीस शॉट होते. डावा डोळा झाकून तिने एकेकातला निळा उतरवला. साडेतीनला सगळं झालं. आता नवीन दाखवून गप्प बसता आलं असतं. तिने जुनं पुसलं नाही.

दिग्दर्शिका आली, पिशवी ठेवून बसली. तिने दिग्दर्शिकेला सगळं सांगितलं, अगदी फरश्यांसकट. सांगताना आवाज नेहमीसारखाच राहिला.

दिग्दर्शिकेने खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग म्हणाली, दोन्ही शेजारी शेजारी लावा. चाळीस शॉटना तिने नव्याकडे बोट दाखवलं. शेवटच्या शॉटला, पायरीवरच्या आईपाशी, बोट थांबलं.

"ही जुनीच राहू दे, ताई."

"ती चुकलीय."

"असू दे. यात आई अजून अर्धा तास बसलीय. तो काही आता येत नाही, हे तिला कळलंय."

तिने डोळे बदलून बदलून पाहिलं. खरंच होतं.

निघताना दिग्दर्शिकेने विचारलं, पुढच्या चित्रपटात अशीच एखादी संध्याकाळ कराल का? ती म्हणाली, नाही जमणार, सोमवारी दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. दिग्दर्शिकेने पिशवी खांद्याला लावली. "मग नव्या डोळ्यांनी या. पुढच्या चित्रपटात सगळं ऊनच आहे."

रविवारी नवरा खिडकीपाशी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होता. तिने दारातून उजवा डोळा मिटला. त्याचे पांढरे केस मधाच्या रंगाचे झाले, सदराही, भिंतही. गेली काही वर्षं तो तिला असाच दिसत आला होता. उद्यापासून दिसणार नव्हता. कुठलीही बटणं फिरवून तिला हा रंग नेमका परत लावता आला नसता.

"डोळा मारतेस काय? या वयात?"

"मारतेय समज. जरा हलू नकोस."

अर्धी घडी घातलेला टॉवेल छातीशी धरून तो गुमान उभा राहिला. त्याच्या मागे, खिडकीत, उजेड उतरत होता. कुणीही न उतरवता.