चहातलं लोह

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बेसिनमध्ये तिनं टॉनिकची बाटली उपडी केली. जाड, तपकिरी पाक काही केल्या उतरेना. नळ सोडून ती बोटांनी बेसिन घासू लागली.

"वहिनी, हे काय चाललंय?" मागून आलेल्या नणंदेनं विचारलं.

"सकाळी डॉक्टरबाई म्हणाल्या ना, यांच्या रक्तात फेरिटिन भलतंच वाढलंय, म्हणजे साठलेलं लोह? ते मी वाढवलं."

नवरा फिकट दिसतो म्हणून तिनं परस्परच हे रक्तवाढीचं टॉनिक आणलं होतं. औषध म्हटलं की तो नाक मुरडायचा, त्यामुळे ती ते गुपचूप चहात घालायची. चहाला खिळ्यांचा वास येतोय, अशी त्याची कुरकुर असायची, आणि ती खुशाल दुधाला नावं ठेवायची. आता न्यूमोनियानं तो आत, श्वासाच्या यंत्रावर होता.

नणंदेनं तिला हाताला धरून डॉक्टरबाईंपुढे उभं केलं. बाई दमल्या होत्या, तरी त्यांनी सगळं ऐकून घेतलं. खिळ्यांचं ऐकताना त्यांना हसू आवरावं लागलं.

"टॉनिकनं एवढं वाढत नाही हो. फेरिटिन म्हणजे लोह ठेवायचं भांडं समजा. माणूस इतका आजारी असला की लोह जास्त नसतानाही ते वाढतं. जंतुसंसर्ग अंगभर पसरला, यकृताला मार बसला, मूत्रपिंडं थकली, रक्ताच्या पिशव्या चढवल्या, तरी वाढतं. फार क्वचित, रोगाशी लढणारी शरीराची फौजच बेफाम होते आणि घरच्यांवर उलटते. त्याचीही तपासणी लावली आहे."

"पण यांचं नेमकं कशानं वाढलंय?"

"एकाहून जास्त कारणं दिसतायत. शोधतोय आम्ही. तुमच्या हातून काही झालेलं नाही, एवढं नक्की."

नणंदेचा जीव भांड्यात पडला. "ऐकलंत ना? उगीच स्वतःला खात होतात."

तिचा चेहरा मात्र उतरला. सकाळपासून तिनं मनाशी सगळं ठरवून टाकलं होतं. टॉनिक बंद केलं की लोह उतरेल, लोह उतरलं की तो उठून बसेल. वाटलंच तर घरी गेल्यावर तिला चांगलं फैलावर घेईल. तेही तिला चालणार होतं.

"डॉक्टर," तिनं विचारलं, "मग आता मी काय बंद करू?"