दाराशी अमारूचे बूट

"सात वाजून गेले, काकू," इदालिना म्हणाली आणि ओठांवर आलेलं पुढचं तिनं गिळलं.

ते देओलिंदाला न सांगताच कळलं. टेबलावर पवित्र आत्म्याचा चांदीचा मुकुट ठेवलेला, दोन्ही बाजूंना मेणबत्त्या, ताटात गोड पावाचे काप, आणि भिंतीलगतच्या खुर्च्या सगळ्या रिकाम्या. हा मुकुट कोणत्या आठवड्यात कुणाच्या घरी जाणार याच्या चिठ्ठ्या चर्चमध्ये टाकतात; तिच्या नावाची चिठ्ठी निघाली तेव्हा बाई हरखून गेली होती. गावात नवख्या विधवेच्या घरी आठवडाभर मुकुट म्हणजे काय थोडं झालं! पण मुकुटापुढे रोज संध्याकाळी जपमाळ म्हणायला माणसं लागतात. ती आलीच नाहीत, तर या गावात आपलं कुणी नाही हे खुद्द देवासमोरच उघडं पडणार.

समुद्रापलीकडच्या साओ जॉर्ज बेटावरच्या तिच्या खेड्यात बोलावणं करायची रीतच नव्हती. मुकुट घरात आला की दार उघडं आणि सगळं गाव आत. अमेरिकेतल्या या गिरणगावात येऊन तिला जेमतेम एक हिवाळा झाला होता. मुलगा दुसऱ्या पाळीला गिरणीत गेलेला. नवरा अमारू इकडे यायची कागदपत्रं हाती पडण्याआधीच गेला. गुरांमागे झिजलेले त्याचे बूट मात्र तिनं ट्रंकेत घालून आणले आणि गावाकडच्यासारखे दाराशी ठेवले. मुलगा त्यावरून चिडायचा. खालच्या मजल्यावरच्या इदालिनाची जीभ तर सैलच. तिनं एकदा विचारलंही होतं, "काकू, यात पाय कुणाचा घालणार?"

साडेसात झाले. "इथं तीन जिने चढून कोण येतंय," इदालिना हळूच म्हणाली. "मनाला लावून घेऊ नका."

"जरा गप बस. खाली कुणीतरी बोलतंय."

देओलिंदानं खिडकी वर सरकवली. खाली फुटपाथवर माणसं उभी होती. बायकांच्या डोक्याला रुमाल, पुरुषांच्या टोप्या हातात. थंडीत कुडकुडत त्यांनी जपमाळ सुरूही केली होती.

"घंटी दाबून बोट दुखलं, बाई," एका म्हाताऱ्यानं वर पाहून सांगितलं. "म्हटलं, दार बंद तर बंद, इथूनच सुरुवात करू."

इदालिनानं कपाळावर हात मारला. घंटी कधीची बिघडली होती आणि खालचं दार आपोआप लागायचं. घरच्यांकडे किल्ल्या, त्यामुळे दोघींच्याही ते ध्यानात आलं नव्हतं.

देओलिंदा जिन्याकडे धावली. जाता जाता दाराशी जे हाताला लागलं ते तिनं उचललं. खाली जाऊन दार उघडलं, अमारूचा एक बूट फटीत नीट बसवला, दार पुन्हा लागत नाही ना ते पाहिलं आणि "या" एवढंच म्हणाली.

जपमाळ संपली, पाव संपला, माणसं उतरू लागली. इदालिना आधीच खाली जाऊन शेवटच्या पायरीवर बसली होती. एप्रनच्या टोकानं तिनं बूट पुसून घेतला होता.

"जरा बाजूनं," ती प्रत्येकाला सांगत होती. "अमारूकाका दार धरून उभे आहेत."