ऑगस्टात कोण येतंय

जुलैभर आम्ही कारखान्याच्या फाटकापुढे टायर जाळले. आमच्या कारखान्यात लाकडावर चालणाऱ्या बिडाच्या शेगड्या ओततात. मालकाला सगळं उचलून परदेशात न्यायचं होतं आणि आर्देनच्या डोंगराळ भागातल्या आमच्या गावात दुसरं काम औषधालाही नाही. साचे इथे आहेत तोवर कारखाना इथे, हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं, म्हणून पाळ्या लावून पहारा चालला होता. मग ऑगस्ट उजाडला आणि पहारेकरी तंबू-छत्र्या गाडीवर बांधून समुद्राकडे निघाले.

युनियनचा पुढारी रेजिस. त्याला मी म्हटलं, "अरे, निदान दोघं तरी थांबा."

"जोस्लीन, तू पण ना. ऑगस्टात कोण येतंय? वकील सुट्टीवर, कोर्ट बंद, मालक त्याच्या बोटीवर. ह्या देशात ऑगस्टात दात दुखला तर सप्टेंबरपर्यंत गाल धरून बसावं लागतं."

"मालकानं तुला विचारून सुट्टी घेतलीय का?"

"आणि समजा आलाच, तर सरकार आहे ना. ते काय नुसतं बघत बसेल?"

ह्याच सरकारला तो वर्षभर चोर म्हणतो. मीही म्हणते. आम्ही सगळेच दर निवडणुकीत जुन्यांना हाकलतो, नव्यांना शिव्या घालतो आणि जरा ठेच लागली की पुन्हा सरकारच्याच नावानं गळा काढतो. रेजिसच्या बायकोनं हॉर्न वाजवला आणि तो गेला.

पुढच्या मंगळवारी सकाळी पाव आणायला निघाले, तर फाटक सताड उघडं. आत ट्रक लागला होता आणि अनोळखी माणसं साचे चढवत होती. रेजिसला फोन लावला, त्यानं उचलला नाही. कामगार खात्यात लावला, तर एक गोड आवाज म्हणाला, कार्यालय सप्टेंबरात उघडेल. खासदाराकडेही तेच. शेवटी पोलिसांना लावला आणि रडतच म्हणाले, "आमचा कारखाना पळवतायत. लवकर या."

मग जाऊन ट्रकपुढे उभी राहिले, घरातल्या सपातांवरच.

"ताई, मी नोकर माणूस," ड्रायव्हर म्हणाला. "सरका ना."

"नाही सरकत. पोलीस येतायत."

"येऊ देत," म्हणून त्यानं सिगारेट पेटवली.

पोलीस आले. जुलैत ह्यांनीच आमच्यावर अश्रुधूर सोडला होता, पण त्या दिवशी गणवेश बघून मला माहेरचं माणूस आल्यासारखं झालं. त्यांच्यातल्या तरुणानं ड्रायव्हरकडचे कागद नीट वाचले, परत केले आणि माझ्याकडे आला.

"बाई, कोर्टाचा हुकूम आहे. बाजूला या."

"कोर्ट तर बंद असतं ना?"

"तातडीची कामं चालतात."

"अहो, तुम्हाला मी बोलावलंय."

"माहीत आहे," तो म्हणाला आणि त्यानं माझा दंड धरला. हळूच धरला, आजारी माणसाला धरतात तसा.

फाटकापुढचं वळण अरुंद आहे. ट्रक वळेना, तेव्हा दुसऱ्या पोलिसानं रस्त्यावरच्या गाड्या थांबवल्या आणि हातवारे करून त्याला वाट काढून दिली. इतक्या वर्षांत आमच्या फाटकावर सरकारला कामाला लागलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

संध्याकाळी रेजिसचा फोन आला. मी सगळं सांगितलं. मग त्याला नेहमीचा सूर सापडला. "सोडायचं नाही, जोस्लीन. आलो की बेमुदत संप. सगळं बंद पाडू."

"काय बंद पाडणार आहेस रे?" मी विचारलं.

पलीकडून नुसता हुंदका ऐकू आला आणि मागून त्याच्या बायकोचा आवाज, "काय झालं? कोण गेलं?"