बाळकाका गप्प बसतात

"काका, शेवटचं सांगते. त्याच्याशी बोलू नका. माझ्याशीही नको."

बाळकाकांनी आज्ञाधारक मुलासारखी मान हलवली आणि लगेच विचारलं, "पण तुम्ही मूळच्या नागपूरच्या की अमरावतीच्या?"

डॉ. लुंबिनीने डोळे मिटून घेतले. गाझियाबादेतल्या या दवाखान्यात कुत्र्यांच्या हृदयाची सोनोग्राफी ती एकटीच करायची. शिकली ती हृदयं बघायला, पण तिचं निम्मं आयुष्य माणसांना गप्प बसवण्यात चाललं होतं. मागे एका बाईने तपासणीत धीर यावा म्हणून कॅनडातल्या मुलाचा व्हिडिओ कॉल कुत्र्याच्या कानाला लावला होता. कुत्रा फोन चाटत बसला, तपासणी बारगळली. त्यातही मराठी माणूस म्हणजे कहर. दिल्लीकडे मराठी डॉक्टर सापडली की त्याला आजार आठवत नाही, गाव आठवतं. गावानंतर आडनाव. म्हणून तिच्या दारावरच्या पाटीवर नुसतंच 'डॉ. लुंबिनी' होतं.

टेबलाला मधे भोक होतं. शिलेदार, म्हणजे काकांचा काळा, वासराएवढा गावठी कुत्रा, उजव्या कुशीवर आडवा होता. छातीवरचे केस कापून जेली लावलेली, आणि लुंबिनी भोकातून खालून यंत्राची मूठ टेकवून बसलेली. परवा जिना चढताना तो भोवळ येऊन पडला होता. पुढच्या आठवड्यात काका-काकू दिल्लीचं बिऱ्हाड मोडून गाडीने पुण्याला, मुलाकडे जाणार होते. एवढा प्रवास कुत्र्याला झेपेल का, हे पडद्यावर ठरायचं होतं. पण काकांनी तोंड उघडलं की शिलेदार शेपूट आपटायचा, हृदय धावत सुटायचं आणि मोजमाप वाया जायचं.

"याचा खापरपणजा पानिपतावर होता," काका म्हणाले. "आपलं सैन्य परतलं, हे इथेच राहिले. रणांगण राखायला."

टप् टप् टप्, शेपूट.

"काका, मग बाहेर बसा."

बाहेर बसून काकांनी तीच लढाई हिंदीतून चौकीदाराला सांगितली. त्यात खापरपणज्याने आता एक हत्तीही पळवून लावला. दार बंद होतं, तरी शिलेदारने कान टवकारले आणि पडद्यावरचं हृदय पुन्हा उधळलं. लुंबिनीने कपाळावर हात मारला. जेलीचाच हात.

तिने काकांना आत बोलावलं, त्यांचा हात कुत्र्याच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "तुम्ही बोलत राहिलात, तर याचं काय झालंय ते मला कधीच कळणार नाही."

बाळकाका गप्प बसले. दिल्लीतल्या मंत्रालयातली सगळी नोकरी बोलण्यावर काढलेला माणूस, ओठ आवळून पडद्याकडे बघत राहिला. शिलेदारचा श्वास सावकाश झाला. हृदय दिसलं. फुगलेलं, भिंती पातळ झालेल्या. ते आकसायला जायचं आणि अर्ध्यातच सोडून द्यायचं.

काकांना काही सांगावं लागलं नाही. तरी तिने सांगितलं. औषधांवर काही महिने निघतील. प्रवास नको.

काकांनी तिथूनच घरी फोन लावला. "नीला, सामान बांधू नकोस. शिलेदारचं हृदय दमलंय. आपण इथेच राहतोय, तो आहे तोवर."

पलीकडून नीलाकाकूंचा आवाज खोलीभर ऐकू आला. "पुरे हं तुमचं. पुण्याला जायचं नाही तर सरळ सांगा ना. डॉक्टरांना द्या फोन."

काकांनी मुकाट्याने फोन पुढे केला.

"अहो डॉक्टर, हे खरं बोलताहेत का?"

लुंबिनीने काकांकडे पाहिलं. खिशातून रुमाल काढून ते शिलेदारच्या छातीवरची जेली पुसत होते, केस कापलेल्या उघड्या कातडीवर अगदी हलक्या हाताने.

"हो, काकू," ती म्हणाली. "खरं बोलताहेत."

पलीकडून खोक्यावरची चिकटपट्टी ओढून काढल्याचा आवाज आला. लुंबिनीने यंत्र बंद केलं.

"काका, आता बोललात तरी चालेल त्याच्याशी."

काका पुसतच राहिले. शिलेदारने मान उचलून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि वाट बघत एकदा शेपूट आपटलं.