गाडीला दिलेलं इंजेक्शन

मेडशीच्या भिवाजींना गाडी चालवण्यापेक्षा गाडीबद्दल वाचायला जास्त आवडायचं. उभा जन्म कॉलेजच्या ग्रंथालयात गेला. निवृत्तीनंतर जुनी, लहानशी गाडी घेतली, तेव्हाही तिच्यासोबत आलेलं जाड पुस्तक त्यांनी आधी वाचून काढलं आणि मग किल्ली लावली. त्यांची बायको रुख्मिणी म्हणायची, आमच्या घरचे गतिरोधकाला विचारतात आणि तो हो म्हणाला तरच चाक पुढं नेतात.

दिवाळीच्या सुमारास गाडी कुरकुरायला लागली. स्टिअरिंग वळवलं की पुढच्या डाव्या चाकाकडून कर्र असा आवाज यायचा आणि खड्ड्यात उतरताना खटका बसायचा. भिवाजींनी पुस्तक उघडलं. चाक वरखाली होतं आणि वळतंही, ते ज्या जोडावर, तो बॉल जॉइंट. वाटीत बसवलेली लोखंडी गोळी, आत ग्रीस, वरून रबराची टोपी. टोपी फाटली की धूळपाणी आत शिरतं, गोळी झिजते, वाटी सैल होते. आणि फार सैल झाली तर गोळी वाटीतून निसटते आणि चालत्या गाडीचं चाक आडवं पडतं. हे शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. मग आपल्याला नीट कळलं नसावं असं वाटून तिसऱ्यांदा वाचलं.

ही गोष्ट त्यांनी फक्त मदनसिंगांना सांगितली. मदनसिंग शेजारच्या तांड्यावरचे, शाळेपासूनचे सोबती. जनावरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक म्हणून त्यांची नोकरी झाली होती. बैलांच्या पायांना पट्ट्या बांधणं आणि सुया टोचणं यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. ते म्हणाले, सांधा कोरडा पडला, दुसरं काय. दुसऱ्या दिवशी ते जनावरांची जाड सुई आणि सिरिंजभर ग्रीस घेऊन हजर. गाडीखाली आडवे झाले, रबराच्या टोपीत सुई खुपसली आणि सगळं ग्रीस आत सोडलं. भिवाजी टॉर्च धरून उभे होते. टोपीला भोक पाडायचं नसतं, हे पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं होतं. शब्द त्यांच्या घशापर्यंत आले. पण बाहेर निघालेल्या मदनसिंगांच्या तोंडावर असा काही आनंद होता की ते शब्द आल्या वाटेनं परत गेले.

आवाज खरंच थांबला. चहाला येईल त्याला मदनसिंग सांगू लागले, की भिवाजीच्या गाडीवर आपण इलाज केला. भिवाजी मान डोलवायचे.

अशातच मदनसिंगांची धाकटी लेक रंजीता वाशीमच्या दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी झाली. लहानपणी ही रंजीता ग्रंथालयात येऊन भिवाजींच्या टेबलाखाली बसायची आणि चित्रांची पुस्तकं उलटीसुलटी बघायची. तिला आणि बाळाला भिवाजींच्या गाडीतूनच घरी आणायचं, हे कोणी ठरवलं नाही. ते ठरलेलंच होतं.

आणायच्या आदल्या दिवशी भिवाजींनी हौसेनं गाडी धुतली. चाकाशी वाकले आणि तसेच राहिले. टोपीच्या भोकातून मातकट, पाणी लागलेलं ग्रीस ओघळलं होतं. टायरची आतली कडही जास्त झिजलेली दिसली. पण गाडी तर गप्प होती. आवाज नाही, खटका नाही. आपण पुस्तक वाचून घाबरणारे, सगळ्या गावाला माहीत. आणि सांगायचं ते मदनला, त्यानंच केलेल्या इलाजाबद्दल.

संध्याकाळी ते तांड्यावर गेले. मदनसिंगांची बायको कमलीबाई लेकीजवळ दवाखान्यात होत्या. मदनसिंग एकटेच अंगण झाडून घेत होते. भिवाजींनी आधी तुरीची चौकशी केली, मग थंडीची. मग म्हणाले, की वाशीमहून एखादी चांगली भाड्याची गाडी पाहिली तर कसं?

मदनसिंगांचा झाडू थांबला.

"काहून?"

"नाई, म्हणजे... बाळंतीण हाय. मोठी गाडी असली तं..."

"गाडी द्याची नसन तं तसं सांग ना भिवाजी. म्या काय परका हाओ?"

भिवाजी ओट्यावरून उठले. चपला उलट्या घालता घालता सरळ घातल्या आणि निघून आले.

घरी रुख्मिणीनं सगळं ऐकून घेतलं. ती भाकरी थापत राहिली. शेवटी म्हणाली, "मदनभाऊले राग आला तं दोन दिवसानं जाईन. तुमी लाजून बसान आन् त्या लेकराले काई झालं, तं ते मनातून कधीच जानार नाई."

सकाळी भिवाजी पुन्हा तांड्यावर. या वेळी पायी नाही. त्यांनी गाडी पायी चालल्यासारखी हळू आणली आणि अंगणात उभी केली. मदनसिंग ओट्यावर बसले होते. त्यांनी पाहिलं, पण ते उठले नाहीत.

"मदन, मले एका मानसाचं काम हाय," भिवाजी म्हणाले. "हे एकट्यानं होत नाई. येक जन उचकते, दुसरा हात लावून पायते."

काम म्हटल्यावर मदनसिंगांना बसवेना. दोघांनी मागच्या चाकांना दगड लावले, जॅकनं पुढचं डावं चाक अधांतरी केलं, खाली ओंडका सारला. भिवाजींनी मदनसिंगांचा हात धरून जोडावर बाहेरून ठेवला. मग चाकाला गाडीशी जोडणारा खालचा दांडा आणि चाक धरणारी लोखंडी मूठ यांच्या फटीत पहार घातली आणि हलकेच उचकली.

मदनसिंगांचे डोळे मिटले. जनावराच्या अंगावर हात ठेवला की ते असेच मिटायचे.

"अजून एकडाव," ते म्हणाले.

भिवाजींनी पुन्हा उचकलं. हाताखाली गोळी वाटीत सरकली. आवाज न करता, ग्रीसमध्ये बुडालेली.

"खुबा निसटाले आला याचा," मदनसिंग हळू म्हणाले. "कालवडीचा असाच लागते हाताले." त्यांनी हात काढून घेतला, टोपीच्या भोकाकडे पाहिलं. "मायी सुई."

"झिजला तं तो आधीचाच होता. सुईच्या भोकानं पानी शिरलं, आन् तुया ग्रीसनं त्याचं बोलनं बंद झालं."

"तुले तवाच माहीत होतं?"

"वाचलं होतं."

"मंग बोलला काहून नाई?"

भिवाजींनी पहार भिंतीला टेकवली, ती घसरली, पुन्हा टेकवली. "तू लय खूश होता," ते म्हणाले.

मदनसिंग ग्रीसचा हात भिवाजींच्या स्वच्छ सदऱ्याला पुसून म्हणाले, "पढा-लिखा गधा हायेस तू." आणि फोन लावायला आत गेले.

रंजीताला कळवलं, दुपार होईल. जवळच्या मालेगावहून रूपला नावाचा मिस्त्री नवे जोड घेऊन मोटारसायकलवर आला. त्यानं उजवीकडचाही बदलला. एक गेला तर दुसराही त्याच वयाचा, म्हणाला. नव्या टोप्या तळव्यानं पुसून घेतल्या आणि मदनसिंगांना बजावलं, की यांना सुई दाखवायचीही नाही. चाकांची रेषा, म्हणजे अलाइनमेंट, मात्र वाशीमला मशीनवर तपासून घ्या, असंही सांगितलं. ते त्यांनी वाशीमला पोचल्या पोचल्या केलं, आणि मगच दवाखान्याशी गाडी लावली.

परतताना मागं रंजीता आणि कमलीबाई बसल्या, पुढं मदनसिंग. गतिरोधक आला की मदनसिंग श्वास धरायचे; चाक मऊसूत उतरलं की सोडायचे. बाळ झोपलेलं. मदनसिंग पुन्हा पुन्हा मागं वळून बघत होते.

"भिवाजी, पाय बरं. नाक आमच्याच घरान्याचं हाय. हुबेहूब मायं."

एरवी भिवाजींनी मान डोलवली असती. त्यांनी आरशात पाहिलं. गाडी बाजूला घेतली, थांबवली, मागं वळून नीट पाहिलं. घसा खाकरला.

"नाई मदन," ते म्हणाले. "नाक कमलीबाईचं हाय."

कमलीबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, रंजीताही टाके सांभाळत हसली.

"बोलाले शिकला आन् पयलं हेच बोलला," मदनसिंग म्हणाले. "चाल आता, अंधार पडाच्या आत घरी ने माया नातीले."

भिवाजींनी गाडी रस्त्यावर घेतली.