गज दोन बोटं वर होता

मित्रांनो, मी एक जुनी भरमार बंदूक आहे. असे बिचकू नका. माझ्या पोटात आता दारू नाही की छर्रा नाही. नळीच्या तोंडाशी कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलं आहे, तेवढंच. चार वर्षं झाली, रामाकोन्याच्या या घरात आतल्या खोलीच्या भिंतीवर दोन खुंट्यांवर मी आडवी पडून आहे. निवडणूक आली की ठाण्यात जमा होते आणि संपली की परत येते, हेच काय ते माझं गावाला जाणं. बाकी दिवसभर समोरच्या कणगीकडे बघत राहायचं. एकटं वाटतं. खोटं कशाला बोलू?

भरमार म्हणजे काय, ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. मला काडतूस चालत नाही. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंध्यांचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि लोखंडी गजानं सगळं नीट ठासायचं. एक बार उडाला की पुन्हा भरेपर्यंत माणसाची चिलीम ओढून होते आणि जनावर दुसऱ्या गावच्या शिवारात पोहोचतं. तो गज माझ्याच नळीखाली राहायचा. आम्ही जन्मापासून सोबत. माझ्या पोटात काय आहे हे मला सांगता येत नाही, ते गज सांगतो. रिकामी असले तर गज आत पूर्ण जातो. नुसती दारू आणि बोळा असला तर चार बोटं वर राहतो. छर्रे असले तर सहा बोटं. बंदूक हातात घेतली की आधी गज टाकून बघायचा, हा आमच्यातला पहिला नेम.

माझी नळी कुठल्या कारखान्यात ओतली, ते मला आठवत नाही. दस्ता शिसवाचा आहे. एकदा तो खडकावर आपटून तडकला, तेव्हा सौसरच्या सुतारानं त्यावर पितळी पट्टी मारली. मला ती दागिन्यासारखी वाटायची. हो, मी गर्विष्ठ होते. गावचे कोतवाल असलेल्या एका माणसानं पिकाच्या राखणीसाठी परवाना काढून मला घरी आणलं. त्यांच्यामागे मी त्यांच्या मुलाकडे, मोतीरामकडे आले.

ते दिवस काय सांगू. डुक्कर पडलं की अख्खा मोहल्ला अंगणात जमायचा. पळसाच्या पानांवर वाटे पडायचे. हाका घालून जनावर उठवणाऱ्यांचा वाटा, कुत्र्याचा वाटा, घरी म्हातारं माणूस असेल त्याचा वाटा. मुंडकं बार मारणाऱ्याचं. मग कोणीतरी माझ्या नळीवरून हात फिरवून म्हणायचं, "बंदूक आहे बावा, खेळणं नाही." मला अजून ऐकायला आवडलं असतं.

मोतीरामचे मात्र भारी नखरे. पाण्यावर आलेल्याला मारायचं नाही. पिलंवालीला मारायचं नाही. पायी जायचं आणि एकच बार टाकायचा. चुकला तर ते जनावर त्या दिवसापुरतं सुटलं. आणि जखमी करून सोडायचं नाही, रक्ताच्या मागावर दिवसभर चालावं लागलं तरी चालायचं. मला हे सगळं डोक्यावरून जायचं. मारायचं तर मारा ना.

एकदा पांढुर्ण्याहून विनायकराव आले, कापसाचे व्यापारी. त्यांना शिकारीचा शौक. अंगणात खाटेवर बसून ते मला बघून हसले.

"मोतीराम, काय हे लोखंड घेऊन फिरून राहिला? माझी दुनळी आहे, जीप आहे, बत्ती आहे. उजेडात जनावर थिजून उभं राहते. बसल्या बसल्या मारायचं."

"मग त्यात तुमचं काय जमलं, विनायकराव?" मोतीराम म्हणाला. "जनावराले पळता येते, हुंगता येते, लपता येते. ते सारं काढून घेतलं त ती शिकार कायची? ती त खाटकाची सुरी झाली."

"मेलेलं जनावर विचारत नाही, पायी मारलं की जीपमधून."

"ते नाही विचारत. मले विचारा लागते."

विनायकराव चहा पिऊन गेले. मोतीराम जिंकला असं यमुनाला, म्हणजे त्याच्या बायकोला, वाटलं. मला दोघांतलं कोणीच पटलं नव्हतं. मला बार हवा होता, बस.

पण मोतीरामला खरं पेचात टाकलं ते रामाजीबावांनी. बुद्धविहारात संध्याकाळी वंदना घेणारे हे म्हातारे उपासक. आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो. तीन महिने विहारात रोज ग्रंथवाचन होतं आणि माणसं आपापल्या शीलाला जास्त जपतात. १९८३ च्या वर्षावासाच्या आदल्या दिवशी बावा घरी आले आणि माझ्याकडे बोट करून म्हणाले, "मोतीराम, जीवहत्या करणार नाही, हे पहिलं शील तू सगळ्याईत मोठ्यानं म्हणते. अन् घरी येऊन हिले तेल लावते. हे कसं?"

"बावा, शील म्हटल्यानं डुक्कर मागं फिरत नाही."

"डुक्कर नाही फिरत. पण तुले त फिरता येते."

पंचाईत अशी, की वर्षावासाचे तीन महिने आणि भुईमूग भरायचे तीन महिने एकच. कन्हानच्या काठचं त्याचं तीन एकर शेत म्हणजे डुकरांना मांडलेलं ताट. तरी त्यानं शब्द दिला. छऱ्यांची थैली यमुनाच्या हाती देऊन म्हणाला, "अश्विन पौर्णिमेपर्यंत मले मागितली तरी देऊ नको."

तेव्हापासून वर्षावासात माझ्या पोटात नुसती दारू आणि चिंधी. पहाटे शेतात जाऊन तो पिकाच्या रोखानं कोरा बार काढायचा, म्हणजे आवाज दाटून घुमायचा आणि डुकरं पळायची. पहिल्या वर्षी पळाली. दुसऱ्या वर्षी धुऱ्यापर्यंत, म्हणजे शेताच्या बांधापर्यंत, जाऊन परत येऊ लागली. तिसऱ्या वर्षी तर मान वर करून बघायची आणि पुन्हा उकरायला लागायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. डुकरांनी हसावं, अशी माझी गत झाली होती.

१९८५ साली पोळा होऊन आठेक दिवस झाले असतील. बोरगावहून यमुनाचा धाकटा भाऊ देवीदास आला. शेत बघून आला तो हात कपाळाला लावूनच. एका एकरात नांगरल्यासारखं उकरून ठेवलं होतं. मोतीराम विहारात गेलेला. यमुना चुलीपुढे बसून रडली.

"हे शील पाळून राहिले, अन् आम्ही मातीतल्या शेंगा येचून राहिलो," ती म्हणाली. "उरलेलं गेलं त बियाण्यालेही दाणा राहणार नाही."

देवीदास म्हणाला, "ताई, थैली दे. मी भरून ठेवतो अन् पहाटे मीच जातो. भाऊजीचा शब्द मोडत नाही, पाप लागलं त मले लागंल."

तिनं कणगीमागून थैली काढून दिली.

त्यानं आधी गज टाकला, चार बोटं. मग छर्रे ओतले, बोळा ठासला. गज सहा बोटं वर आला. मित्रांनो, कबूल करते, मला आनंद झाला. तीन पावसाळ्यांत पहिल्यांदाच पोटात वजन आलं होतं. आता दाखवते, म्हटलं. रात्री मोतीराम विहारातून आला, तेव्हा दोघांनीही त्याला काही सांगितलं नाही.

पहाटे मोतीरामला जाग आली तेव्हा यमुना पाण्याला गेली होती. देवीदास ओसरीवर घोरत होता. सायकलनं आलेला पाहुणा, थकला असेल, झोपू द्यावं, म्हणून मोतीराम त्याच्या उशाजवळून पाय न वाजवता गेला. मला खुंटीवरून घेतलं. गज टाकून बघितला नाही. का बघेल? वर्षावासात आपल्या घरात छर्रा नसतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. माझा गज नळीखाली गप्प होता. कोणी आत टाकल्याशिवाय तोही काही सांगू शकत नाही.

शेतात उजाडत होतं. भुईमुगापलीकडे मक्याची पट्टी होती, ती हलली. मोतीरामनं नेहमीसारखा तिकडे रोख धरला आणि चाप ओढला.

छऱ्याचा बार आणि कोरा बार यांचा धक्का वेगळा असतो. दस्ता खांद्यावर बसला त्याच क्षणी त्याला कळलं. मक्यातून ओरडणं ऐकू आलं. एक डुकरी मागचे पाय ओढत नाल्याकडे गेली. तिच्यामागे पट्ट्यापट्ट्यांची चार पिलं.

तो रक्ताच्या मागानं गेला. नाल्यातल्या करवंदीच्या जाळीत ती पडली होती, कंबर गेलेली. ती मरत नव्हती आणि उठतही नव्हती. मोतीराम तसाच घरी आला.

अंगणात यमुना घागर उतरवत होती. "छऱ्याची थैली दे," तो म्हणाला.

यमुनानं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला सगळं समजलं. "थैली म्यांच देल्ली होती," ती हळू म्हणाली. "देवीदास जाणार होता."

देवीदास धडपडून उठला. "भाऊजी, बंदूक मले द्या. मी संपवतो. तुमचा वर्षावास चालू आहे."

"नाही. चाप म्यां ओढला. तिले तसंच तडफडत ठेवून मी कोणतं शील पाळू?"

या वेळी त्यानं गज टाकून बघितला. आत पूर्ण गेला. मग दारू, बोळा, छर्रे, पुन्हा बोळा. सहा बोटं. गज दोनदा नळीवर वाजला. आम्ही परत नाल्यात गेलो. तिनं आमच्याकडे पाहिलं. दुसरा बार अगदी जवळून झाला. असला बार मला कधीच नको होता. त्यात नेम नव्हता आणि कौतुकही नव्हतं.

त्या दिवशी वाटे पडले नाहीत. मोतीराम आणि देवीदासनं खड्डा करून तिला पुरलं. इतकं मांस मातीत घातलं म्हणून मोहल्ल्यात कुरकुर झाली. संध्याकाळी रामाजीबावा आले. देवीदास म्हणाला, "बावा, पहिला बार माझ्या चुकीनं झाला, दुसरा भाऊजीनं जाणून टाकला. यातलं पाप कोणतं?"

बावा म्हणाले, "पहिल्यात चूक होती. दुसऱ्यात दया होती. पण त्या डुकरीले दोन्ही सारखेच लागले. तिले काय सांगशील?"

मला विनायकराव आठवले. मेलेलं जनावर विचारत नाही म्हणाले होते. ही विचारत होती की काय, कोण जाणे.

त्या वर्षी नाल्याकडच्या दोन ओळी भुईमूग त्यानं खणलाच नाही. पिलं येऊन खात होती. यमुनानंही का म्हणून विचारलं नाही.

अश्विन पौर्णिमा झाली. थैली परत मागायचा दिवस होता. मी वाट पाहत होते. मोतीराम आला, त्यानं मला पुसलं, खुंट्यांवर ठेवलं, आणि माझ्या नळीखालून गज ओढून काढला. गज घेऊन तो गेला आणि मी तशीच राहिले. उभ्या आयुष्यात आम्ही कधी वेगळे झालो नव्हतो.

तो गज कुठे गेला, ते मला दुसऱ्या दिवशी पहाटे कळलं. शेताकडून आवाज आला. टण, टण, टण. मोतीरामनं धुऱ्यावरच्या बाभळीला तेलाचा रिकामा पिपा टांगला आहे आणि माझ्या गजानं तो वाजवत तो शेताभोवती फिरतो. डुकरं याही आवाजाला सरावतात, मग तो पिपा दुसऱ्या झाडाला बांधतो, कधी जागा बदलतो, कधी वेळ. रोज जावं लागतं, एकही पहाट चुकवून चालत नाही. तरी थोडं नुकसान होतंच. यमुना म्हणते, "पायाले भिंगरी लावली या माणसानं." पण बियाण्यापुरता दाणा दर वर्षी घरात येतो.

पहिलं वर्षभर मी गजाची वाट पाहिली. कधीतरी पाऊस येईल, पिपा गंजेल, मोतीरामचे पाय दुखतील आणि गज परत येईल, असं वाटायचं. खरं सांगायचं तर मी तसं मागायचेसुद्धा.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ झाडा किंवा तेल द्या, असं मी म्हणत नाही. मी गंजले तरी कोणाचं काही बिघडणार नाही. पण हातात कधी असलं काही आलं, ज्यानं दुसऱ्याचा जीव जाऊ शकतो, मग ती बंदूक असो, दगड असो की राग असो, तर आत काय आहे ते आपल्याला ठाऊकच आहे, असं समजू नका. आधी गज टाकून बघा. त्याला एवढासा वेळ लागतो. मोतीरामसारख्या नेमाच्या माणसानं तेवढा एक दिवस तो वेळ दिला नाही.

आणि उद्या मोतीराम थकला आणि तुमच्यापैकी कोणी मला बघून म्हणालं, हिचा गज हिला परत द्या, तर देऊ नका. त्याला तिकडे काम आहे. पहाटे आवाज येतो, तेव्हा तो कुठे आहे ते मला कळतं. तेवढ्यावर माझं भागतं.