वजन बरोबर

धाकट्याने कामावरून येताच कापडाचा तुकडा ताईच्या ताटाशेजारी आपटला. "बघ तुमच्या गिरणीचा प्रताप!"

तो दगडाची पूड करणाऱ्या कारखान्यात गोण्या भरायचा आणि तिथल्या धूळ गाळायच्या पिशव्यांचं कापड बनवणाऱ्या गिरणीत त्याची ताई तपासनीस. धूळ पिशवीच्या बाहेर अडावी, आत फक्त हवा यावी, एवढंच त्या कापडाचं काम. हा तुकडा आतूनही पांढराफटक होता. नव्या पिशव्या चढवल्यापासून महिनाभर धाकटा खोकत होता, आणि ताई मेली त्याच्या सिगारेटींना नावं ठेवत होती.

सकाळी तिने तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. तंतू ठरल्यापेक्षा दुप्पट जाड! असलं कापड वजनाला तेवढंच भरतं, पण तेवढ्या वजनात तंतू कमी बसतात, मधल्या फटी मोठ्या होतात आणि बारीक धूळ, जी छातीत जाऊन बसते तीच, बिनदिक्कत पार होते.

ती तडक साहेबांच्या खोलीत शिरली. "तंतू कुणी बदलला?"

"मी. बारीक तंतू पिंजताना तुटतो, यंत्र अडतं. शिवाय जाड तंतूतून हवा मोकळी जाते, पंख्यावर भार कमी. गिऱ्हाईक खूश आहे."

"हवा काय, चाळणीतूनही मोकळी जाते!"

"आवाज खाली." साहेबांनी तपासणीचा कागद पुढे सरकवला. "वजन बरोबर, जाडी बरोबर, ताकद बरोबर. तंतूचा रकानाच नाही. आणि खाली सही कुणाची?"

सही तिची होती. चोर तो चोर, वर शिरजोर! साहेबांचा गळा धरावा असं तिला वाटलं. पण त्याहून जास्त संताप तिला स्वतःचा आला. सूक्ष्मदर्शक हाताशी होता, त्यात डोकावायला कुणी बंदी केली नव्हती. काटा जागेवर थांबला आणि बाईसाहेबांनी सही ठोकून दिली.

तिने साहेबांच्याच टेबलावरचा फोन उचलून भावाच्या कारखान्यात लावला.

"नव्या पिशव्या आजच उतरवा. तोवर यंत्र बंद, माणसं बाहेर. धूळ आरपार जातेय."

साहेब फोन हिसकवायला उठले. तिने पाठ फिरवली.

"अहो बाई, पण त्या पास झाल्यात," पलीकडचा म्हणाला. "कागद आहे आमच्याकडे."

"तो कागद फाडून टाका. त्यावर सही करणारी मीच. माझा धाकटा भाऊ तुमच्याकडे गोण्या भरतो, त्याला मात्र हे तुम्ही सांगू नका. घरी जाऊन मी सांगते."